रात्रपाळीची नोंद कुठे करायची?

ताईच्या दंडाला बांधलेला पट्टा दर अर्ध्या तासाने घरघरत फुगायचा. चोवीस तास रक्तदाब मोजणारं ते यंत्र कमरेला अडकवून ती त्या दिवशी वावरली, जेवली, झोपली. रात्री कूस बदलताना पट्टा आवळला की "झालं, पुन्हा सुरू" असं पुटपुटायची. दुसऱ्या दिवशी आलेख हातात आला. डॉक्टरांनी मध्यरात्र ते पहाट या भागावर पेन टेकवलं. झोपेत जी रेषा खाली उतरायला हवी होती, ती तिथे सपाट होती. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दिवसाच्या मानाने साधारण १० ते २० टक्के उतरतो. ज्यांचा उतरत नाही त्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो, आणि दवाखान्यात दिवसा मोजलेला आकडा चांगला आला तरी हा धोका उरतोच.

मग प्रश्न सुरू झाले. तंबाखू? नाही. मधुमेह? नाही. वडिलांना काही हृदयाचा त्रास? मीठ किती? चालणं किती? कसला ताण? केसपेपरवरचा एकेक चौकोन भरत गेला. ताई परिचारिका आहे, अतिदक्षता विभागात, गेली १९ वर्षं फिरत्या पाळीत. महिन्यातल्या आठ-दहा रात्री ती जागी असते. हे कुणी विचारलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "नाईट ड्युटीचं का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "त्यात सांगण्यासारखं काय आहे? नोकरीच आहे ती."

माझं भांडण या उत्तराशी आहे. ताईशी नाही, तिला हे उत्तर शिकवणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या समजुतीशी आहे. खाणीतली धूळ, कारखान्यातला आवाज, क्ष-किरणांच्या खोलीतला किरणोत्सर्ग यांना आपण कामातले धोके मानतो. ते मोजतो, त्यांची मर्यादा ठरवतो, किती वर्षं किती मात्रा पोचली याची नोंद ठेवतो. रात्रपाळीला मात्र आपण गैरसोय मानतो आणि वर थोडा भत्ता देऊन हिशेब मिटवतो. गैरसोय आणि धोका यांत फरक आहे, आणि रात्रपाळी नेमकी कुठे बसते याचं उत्तर गेल्या पन्नास वर्षांत पेशींच्या आतून मिळालेलं आहे.

१९७१ साली सेमूर बेन्झर आणि त्यांचा विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांनी फळमाश्यांचे तीन विचित्र वाण शोधले. एका वाणाचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तिसऱ्याला दिवसरात्रीचं भानच नव्हतं. तिन्ही बिघाड एकाच जनुकात निघाले. त्याला 'पिरियड' हे नाव मिळालं. वागणुकीसारखी गुंतागुंतीची गोष्ट एका जनुकाने ठरते, हे तेव्हा अनेकांना पटेना. १९८४ मध्ये जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांच्या प्रयोगशाळांनी ते जनुक वेगळं काढलं, आणि पुढच्या वर्षांत घड्याळ कसं चालतं ते उलगडत गेलं. या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. बेन्झर आणि कोनोप्का तोवर हयात नव्हते.

सस्तन प्राण्यांमध्ये या घड्याळाची रचना अशी आहे. 'क्लॉक' आणि 'बीमॅल-१' या जनुकांची प्रथिनं जोडीने डीएनएवर बसतात आणि 'पिरियड' व 'क्रिप्टोक्रोम' ही जनुकं चालू करतात. त्यांची प्रथिनं तासातासाने साठत जातात, पेशीकेंद्रात परततात आणि आपल्याच जन्मदात्या जोडीला गप्प करतात. नवं उत्पादन थांबतं. जुनी प्रथिनं हळूहळू मोडीत निघतात. दाब सरला की जोडी पुन्हा कामाला लागते. एका फेऱ्याला लागतात साधारण २४ तास. बाहेरचा उजेड नसला तरी फेरा चालू राहतो. उजेडाचं काम फक्त काटे जुळवण्याचं. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी २४ तासांहून किंचित लांब असतं, त्यामुळे ते रोज थोडं मागे पडतं आणि सकाळचा उजेड ते रोज पुढे सारतो.

बरीच वर्षं असं मानलं जायचं की हे घड्याळ मेंदूत एकच. डोळ्यांकडून येणाऱ्या चेतातंतूंच्या फुलीवर, साधारण वीस हजार चेतापेशींचा एक पुंजका, तोच मालक. १९९८ साली स्वित्झर्लंडमध्ये उली शिब्लर यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या साध्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या होत्या. त्यांना रक्तद्रवाचा एक धक्का दिला आणि त्यांच्यातली घड्याळाची जनुकं दिवसाच्या लयीत वरखाली होऊ लागली. मेंदू नाही, शरीर नाही, तरी वेळ चालूच. आता आपल्याला माहीत आहे की यकृत, मूत्रपिंड, रक्तवाहिन्यांचं अस्तर, हृदयाचे स्नायू, सगळ्यांचं आपापलं घड्याळ आहे. २०१४ मध्ये उंदराच्या १२ अवयवांची दिवसभर तपासणी झाली तेव्हा प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांपैकी ४३ टक्के जनुकं कुठल्या ना कुठल्या अवयवात दिवसाच्या लयीने चढत-उतरत होती.

मेंदूतलं घड्याळ उजेडाकडे बघतं. यकृताचं घड्याळ जेवणाच्या वेळेकडे बघतं. रात्री तीन वाजता प्रखर दिव्यांखाली उभं राहून डबा खाणाऱ्या माणसाच्या शरीरात म्हणूनच एकच वेळ राहत नाही. मेंदूचं घड्याळ एक सांगतं, पोटाचं दुसरं, आणि हृदयाला दोघांकडूनही निरोप येतात. रात्रपाळीतलं नुकसान फक्त जागरणाचं असतं तर दिवसा आठ तास झोपून ते भरून निघालं असतं. इथे बिघाड झोपेच्या तासांचा कमी आणि अवयवांच्या आपसातल्या ताळमेळाचा जास्त आहे.

हृदयाला या ताळमेळाची गरज का पडते, हे १९८५ साली एका मोठ्या अभ्यासाने अगदी ठळक दाखवलं होतं. हृदयविकाराचा झटका कुठल्या तासाला सुरू झाला हे तपासलं, तेव्हा सकाळी नऊच्या सुमाराचं प्रमाण रात्री अकराच्या तिप्पट निघालं. सकाळी उठण्याआधीच कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढतं, रक्तदाब चढतो, रक्तातले बिंबाणू (प्लेटलेट) चिकट होतात. गुठळी विरघळू न देणारं पीएआय-१ नावाचं एक प्रथिन आहे. त्याचं जनुक थेट 'क्लॉक' आणि 'बीमॅल-१'च्या हाताखाली चालतं. माणसांना मंद उजेडात ठेवून, झोप आणि जेवणाच्या वेळा दिवसभर सरकवूनसुद्धा या प्रथिनाचं शिखर पहाटे साडेसहाच्या आसपासच राहिलं. धावपळ, थंडी, चहा-कॉफी यांच्यावर सकाळच्या झटक्याचं खापर फोडण्याची सोय त्यामुळे गेली. निदान त्यातला काही भाग तरी घड्याळाचाच आहे. हृदयाच्या ठोक्याचं वीजचक्रही यातून सुटलेलं नाही: २०१२ मध्ये उंदरांवर असं दिसलं की घड्याळाच्या हुकमतीतलं 'केएलएफ-१५' हे जनुक कमी किंवा जास्त झालं की ठोक्यांची लय बिघडून जिवावर बेतू शकतं.

जनुकंच काढून टाकली तर? 'बीमॅल-१' नसलेल्या उंदरांचा रक्तदाब रात्रंदिवस एकसारखा होतो, वयाबरोबर त्यांचं हृदय सैल होऊन फुगतं, रक्तवाहिन्या कडक होतात. 'क्रिप्टोक्रोम'ची दोन्ही जनुकं नसलेल्या उंदरांमध्ये शरीरात मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि खाण्यात मीठ वाढलं की त्यांचा रक्तदाब चढतो. पण हे प्रयोग वाचताना एक शंका मनात राहते, आणि ती रास्त आहे. जनुक पूर्ण उखडलं तर काहीतरी बिघडणारच. घड्याळ सोडून ते जनुक आणखी काय काय करत होतं कोण जाणे. नाईट ड्युटी करणाऱ्या माणसाचं जनुक कुणी उखडलेलं नाही.

त्यासाठी मला एक प्रयोग फार मोलाचा वाटतो. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या एका वाणात घड्याळाच्या एका जनुकाची एक प्रत बदललेली असते, त्यामुळे त्यांचा आतला दिवस २२ तासांचा असतो. टोरांटोतल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की हे प्राणी नेहमीच्या २४ तासांच्या उजेड-अंधारात ठेवले की त्यांच्या लयीची मोडतोड होते, हृदयाचा स्नायू आजारी पडतो, त्यात चट्टे पडतात, मूत्रपिंडंही खराब होतात. मग त्याच वाणाच्या प्राण्यांना ११ तास उजेड आणि ११ तास अंधार दिला. त्यांची हृदयं निरोगी राहिली. जनुक तेच, बदल तोच. औषधाचा एक थेंब दिला नव्हता, फक्त खोलीतल्या दिव्याचं वेळापत्रक बदललं होतं.

या प्रयोगावर मी पुन्हा पुन्हा येतो. त्या प्राण्यांच्या शरीरात आजार आधीपासून नव्हता आणि वेळापत्रकही एरवी निरोगीच होतं. दोघांचं जुळत नव्हतं, एवढंच. आणि त्यांच्या पिंजऱ्यातलं वेळापत्रक ज्याच्या हातात होतं, त्याच्याच हातात त्यांचं आरोग्य होतं.

माणसांमधले आकडे या सगळ्याशी सुसंगत आहेत. २०१२ मध्ये ३४ अभ्यास एकत्र करून, वीस लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका २३ टक्क्यांनी जास्त होता. अमेरिकेतल्या सुमारे १,८९,००० परिचारिकांचा २४ वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास २०१६ मध्ये आला. फिरत्या रात्रपाळीची दहा किंवा जास्त वर्षं झालेल्यांमध्ये हृदयरोगाचा धोका १५ ते १८ टक्क्यांनी वाढलेला होता, आणि रात्रपाळी सोडल्यावर जसजशी वर्षं गेली तसतसा तो उतरत गेला. वाढ फार मोठी नाही, हे खरं. धूम्रपानाशी तिची तुलना होणार नाही. पण वर्षांबरोबर वाढणारा आणि सोडल्यावर कमी होणारा धोका म्हणजे मात्रेचा धोका. अशा धोक्याची नोंद ठेवायची असते.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: पाळीत काम करणारे लोक जास्त सिगारेट ओढतात, वेळीअवेळी खातात, व्यायाम करत नाहीत, त्यांचं उत्पन्न कमी असतं, दोष त्याचा. आक्षेप खोटा नाही. म्हणूनच बॉस्टनच्या प्रयोगशाळेतल्या २००९ च्या प्रयोगाला वजन आहे. दहा निरोगी माणसांना २८ तासांच्या दिवसावर ठेवलं, सगळ्यांचं खाणं ठरलेलं, दिवे मंद, सिगारेट नाही, कामाचा ताण नाही. शरीराचं घड्याळ आणि झोपण्याजेवण्याची वेळ पूर्ण उलट झाली तेव्हा सरासरी रक्तदाब ३ टक्क्यांनी चढला, रक्तातली साखर आणि इन्सुलिन दोन्ही वाढलं, आणि काहींची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर गेली. अवघ्या काही दिवसांत. स्वभाव आणि सवयी वजा केल्यावरही जे उरतं, ते वेळेचं.

दुसरा युक्तिवाद मला जास्त टोचतो, कारण तो सहानुभूतीच्या सुरात येतो. "सवय होते हो." नाही होत. कायम रात्रपाळी करणाऱ्यांच्या मेलॅटोनिनच्या, म्हणजे अंधार पडल्यावर शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकाच्या, लयीचे उपलब्ध अभ्यास एकत्र पाहिले गेले, तेव्हा ३ टक्क्यांहून कमी लोकांची लय रात्रीच्या कामाशी पूर्ण जुळलेली निघाली. उरलेल्यांनी सवय करून घेतली होती ती सहन करण्याची. घरी परतताना सकाळचं ऊन डोळ्यांवर पडतं आणि मेंदूचं घड्याळ पुन्हा दिवसावर येऊन बसतं. सुट्टीच्या दिवशी माणूस घरच्यांबरोबर जेवतो, त्यांच्याबरोबर झोपतो, की राहिलेलं जुळणंही मोडतं. इच्छाशक्तीने पिरियड प्रथिनाचा साठा वाढत-घटत नाही. ताईला ड्युटीवरून आल्यावर मी पाहिलेलं आहे. खिडकीला जाड पडदा, कानात कापूस, डोक्यावर चादर, आणि अकरा वाजता टक्क उघडे डोळे. तिने सवय करून घ्यायचा काय कमी प्रयत्न केला असेल?

रात्र बंद करा असं मी म्हणत नाहीये. अतिदक्षता विभागाला रात्र असते, आगीला असते, रेल्वेला असते, वीजकेंद्राला असते. माझा मुद्दा साधा आहे. समाजाला ज्या रात्री जागाव्याच लागतात त्यांचं ओझं कुणाच्या तरी हृदयावर पडणार, आणि ते कुणाच्या, किती, किती वर्षं पडलं याचा हिशेब आज कुणाकडेच नाही. ताईच्या १९ वर्षांत एकूण किती रात्री झाल्या हे तिच्या कार्यालयाला विचारलं तर भत्त्याच्या नोंदीवरून कदाचित काढता येईल. म्हणजे पैशाचा हिशेब आहे, मात्रेचा नाही. आणि ज्या रात्री समाजाला लागत नाहीत, केवळ यंत्र रिकामं राहू नये किंवा मागवलेला माल सकाळी दारात पोचावा म्हणून जागवल्या जातात, त्यांच्याकडे तर आणखी कडक नजरेने बघायला हवं. तिथे सोयीच्या बदल्यात दुसऱ्याचं आरोग्य खर्ची पडतं.

नियम नव्याने शोधायची गरज नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा रात्रीच्या कामाबद्दलचा करार १९९० चा आहे. रात्रपाळीवर जाण्याआधी, नंतर ठराविक काळाने, आणि त्रास जाणवला तर तेव्हाही आरोग्य तपासणीचा हक्क. रात्रीच्या कामाला अपात्र ठरलेल्याला शक्य तिथे तशाच दिवसाच्या कामावर बदली. कामाचे तास, पगार किंवा इतर लाभांतून भरपाई, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. तो मान्य करणारे देश मोजके आहेत. युरोपीय संघाच्या २००३ च्या नियमात रात्र कामगारांसाठी सरासरी आठ तासांची मर्यादा आणि मोफत तपासणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं. २००७ च्या निर्णयानंतर डेन्मार्कने स्तनाच्या कर्करोगाच्या काही रुग्ण महिलांना, ज्यांनी दीर्घकाळ रात्रपाळी केली होती, कामातून आलेला आजार म्हणून भरपाई दिली. हृदयाच्या बाबतीत तेवढीही दखल क्वचितच घेतली जाते, आणि हृदयविकाराने मरणारी माणसं कितीतरी अधिक आहेत.

या क्षेत्रात सगळंच सिद्ध झालं आहे असा आव आणणंही चूक ठरेल. रक्तदाबाची गोळी रात्री घेतली तर जास्त फायदा, असा गाजावाजा मध्यंतरी झाला. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये २१,००० हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक निघाला नाही. फ्रान्समधल्या लिल इथे महाधमनीची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया दुपारी झालेल्या २९८ रुग्णांपैकी २८ जणांना आणि सकाळी झालेल्या तेवढ्याच रुग्णांपैकी ५४ जणांना पुढच्या ५०० दिवसांत हृदयाची गंभीर गुंतागुंत झाली होती. पण इतर ठिकाणच्या नोंदींत हा फरक सगळीकडे दिसला नाही. गोळी कधी आणि शस्त्रक्रिया कधी, हे प्रश्न अजून उघडे आहेत. माझा दावा त्यांच्यावर उभा नाही. उलट मला खटकतं ते हे, की घड्याळाच्या जनुकांचा विषय निघाला की चर्चा पटकन गोळीच्या वेळेकडे, मनगटावरच्या यंत्राकडे, नव्या औषधाकडे वळते. वेळापत्रक बदलण्याकडे वळत नाही.

आणि याहून मोठं भय मला वाटतं ते जनुकांच्या चाचणीचं. 'पिरियड-२'मधल्या एका बदलामुळे काही कुटुंबांतली माणसं संध्याकाळीच पेंगतात आणि पहाटे फार लवकर जागी होतात; 'क्रिप्टोक्रोम-१'मधल्या एका बदलामुळे काहींना मध्यरात्र उलटल्याशिवाय झोपच येत नाही. हे दोन्ही बदल खरे आहेत. त्यातून कुणाला वाटेल की कामगारांची चाचणी घ्यावी, 'रात्रीची माणसं' निवडावीत आणि त्यांनाच रात्री राबवावं. दिसायला शास्त्रीय, पण प्रत्यक्षात जबाबदारी पिंजऱ्याच्या मालकाकडून हॅमस्टरकडे ढकलणं. उशिरा झोपणारा माणूसही पहाटे चार वाजता जेवण पचवायला बनलेला नाही. जनुकांनी आपल्याला दिलेलं ज्ञान वेळापत्रक तपासायला वापरायचं, माणूस निवडायला नाही.

मग करायचं काय? प्रत्येक रात्रपाळीची आयुष्यभराची बेरीज कामगाराच्या नावावर राहावी आणि नोकरी बदलली तरी ती त्याच्याबरोबर जावी. सलग रात्रींची संख्या आणि दोन पाळ्यांमधलं अंतर यांना कायद्याची मर्यादा असावी. संध्याकाळची ड्युटी संपवून पहाटे पुन्हा हजर व्हायला लावणं तर लगेच थांबायला हवं. ठराविक वर्षांनंतर रात्र नाकारण्याचा हक्क असावा, पगार न गमावता. दहा वर्षं रात्रपाळी झालेल्या प्रत्येकाचा चोवीस तासांचा रक्तदाब एकदा तरी मोजला जावा, कारण दवाखान्यातल्या दिवसाच्या मोजणीत ती सपाट रेषा दिसत नाही. खर्च येईल. माणसं जास्त लागतील. आजही तो खर्च होतोच आहे, फक्त तो वीस वर्षांनी, दुसऱ्याच विभागात, अँजिओग्राफीच्या टेबलावर होतो आणि कुणाच्या नावावर पडत नाही.

यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट केसपेपरवरचा एक चौकोन आहे. ताईच्या विभागात छातीत दुखतंय म्हणून आलेल्या रुग्णाचा कागद बहुतेक वेळा तीच भरते. आता ती तंबाखू आणि मधुमेह विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारते, "काम कुठल्या पाळीत असतं? किती वर्षं झाली?" त्यासाठी छापील जागा नाही, म्हणून उत्तर ती समासात आडवं लिहिते.